चुकलेल्या ठशाचे मोल

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव, रहिमतपूर, वाठार या पट्ट्यात जुन्या घरांच्या देवघरांत तांब्याचे जाडसर, वेडेवाकडे पैसे अजूनही आढळतात. कुणाकडे ते कलशात सुपारीसोबत ठेवलेले असतात, कुणाकडे लक्ष्मीपूजनाच्या तबकात, तर कुणाच्या आजीने ते फडक्यात बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेले असतात. बहुधा ही शिवराई असते. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली साताऱ्यात झाला आणि हा परिसर मराठी राज्याच्या राजधानीचा परिसर झाला. कोरेगाव तिथून अवघ्या २० किलोमीटरच्या आसपास. तेव्हा शिवराई इथे घराघरांत असण्यात नवल ते काय?

नवल आहे ते अलीकडच्या दुसऱ्याच गोष्टीचे. ‘अमुक सालचे नाणे असेल तर दहा लाख मिळवा’, ‘अक्षरे दुहेरी दिसणाऱ्या नाण्याला लाखोंची बोली’ अशा मजकुराच्या जाहिराती आणि चित्रफिती मोबाइलवरून खेडोपाडी पोहोचल्या आहेत. त्यामुळे देवघरातली शिवराई, खिशातले पाच रुपयांचे नाणे आणि अमेरिकेत खरोखर हजारो डॉलरना विकला गेलेला एक सेंट या तिन्ही गोष्टी लोकांच्या मनात एकाच टोपलीत जाऊन पडल्या आहेत. वास्तविक जुने नाणे, दुर्मीळ नाणे आणि चुकलेले नाणे या तीन वेगळ्या वस्तू आहेत. तिन्हींची किंमत वेगवेगळ्या कारणांनी ठरते, किंवा ठरतच नाही. यांतली सर्वाधिक कुतूहलाची, आणि म्हणून सर्वाधिक गैरसमजाची, वस्तू म्हणजे दुहेरी ठशाचे नाणे. संग्राहक त्याला ‘डबल्ड डाय’ म्हणतात.

ठसा दुहेरी होतो म्हणजे काय?

नाण्यावर आपल्याला चित्र उठावदार दिसते. ते उमटवणाऱ्या पोलादी ठशावर, म्हणजे डायवर, तेच चित्र उलटे आणि खोल कोरलेले असते. एक डाय लाखो नाणी पाडून झिजते, त्यामुळे टांकसाळीला एकाच चित्राच्या अनेक डाय लागतात. त्या प्रत्येक वेळी हाताने कोरणे शक्य नसते. म्हणून नाण्यासारखेच उठावाचे चित्र असलेला एक कठीण पोलादी ठसा आधी तयार करतात. त्याला ‘हब’ म्हणतात. हा हब मऊ केलेल्या पोलादी दंडगोलावर प्रचंड दाबाने दाबला की त्यावर खोल चित्र उमटते आणि डाय तयार होते. पुढे ती कडक करून यंत्रात बसवली जाते.

इथे एक अडचण असते. थंड पोलाद दाबले की ते आणखी कठीण होते, त्यामुळे एका दाबात पूर्ण खोलीचे चित्र उमटत नसे. डाय पुन्हा भट्टीत तापवून मऊ करावी लागे, आणि मग तोच हब पुन्हा त्याच जागी दाबावा लागे. ‘त्याच जागी’ हेच शब्द कळीचे आहेत. दुसऱ्या वेळी हब केसभर फिरला किंवा सरकला तर पहिल्या चित्रावर दुसरे चित्र किंचित हलून बसते. वृत्तपत्राच्या रंगीत पानावर एक रंग सरकला की छायाचित्रातल्या माणसाला दोन-दोन भुवया दिसतात. तसाच हा प्रकार, फरक इतकाच की तो पोलादात कायमचा कोरला जातो.

ही चूक एका नाण्याची नव्हे. ती ठशाची आहे. म्हणून त्या ठशाने पाडलेले प्रत्येक नाणे नेमके तसेच चुकलेले असते. पहिल्या नाण्यावर ‘५’ जितका दुहेरी, तितकाच लाखाव्या नाण्यावर, फक्त ठसा झिजेल तसा थोडा पुसट. संग्राहकाला या एकसारखेपणाचेच आकर्षण असते. या नाण्याची ओळख ठरवता येते, छायाचित्राशी ताडता येते, त्याला नाव व क्रमांक देता येतो आणि ‘माझ्याकडे तेच आहे’ असे दोन खंडांतली दोन माणसे खात्रीने म्हणू शकतात. बाजार उभा राहायला अशी सामायिक ओळख लागते. एकट्याच एका विचित्र नाण्याला कौतुक मिळेल, पण त्याचा भाव कशाशी तुलना करून ठरवणार?

चित्र कुठे जास्त दुहेरी दिसेल हेही या प्रक्रियेवरून कळते. हब जर मध्याभोवती फिरला असेल तर कडेची अक्षरे बरीच सरकतात आणि मधला चेहरा जवळजवळ जागेवरच राहतो. जाते फिरताना खुंटा मोठा फेरा मारतो आणि मधला खिळा जागच्या जागी फिरतो, तसेच हे. त्यामुळे ‘चेहरा स्वच्छ, पण लेख आणि साल दुहेरी’ असे नाणे पाहून शंका घेण्याचे कारण नाही. उलट फिरलेल्या हबचे ते लक्षणच आहे.

फिलाडेल्फियाचा १९५५ चा सेंट

या सगळ्या छंदाला लोकप्रिय करणारे नाणे म्हणजे अमेरिकेचा १९५५ सालचा लिंकनचा सेंट. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एक डाय अशी दुहेरी बनली की साल आणि अक्षरे उघड्या डोळ्यांना दोनदा कोरलेली दिसत. चूक लक्षात येईपर्यंत हजारो नाणी पडून गेली होती आणि त्यांतली वीस-चोवीस हजार इतर चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळली होती. सगळा ढीग वितळवण्यापेक्षा तो तसाच बाहेर जाऊ द्यावा, असे ठरले.

ती नाणी लोकांच्या हाती कशी आली, याची हकिकत मोठी गमतीची आहे. त्या काळी सिगारेटची पाकिटे यंत्रातून विकली जात. यंत्रात पंचवीस सेंटचे नाणे टाकायचे, पाकीट तेवीस सेंटचे. उरलेले दोन सेंट परत द्यायला यंत्रात सोय नव्हती, म्हणून पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनातच दोन नवे सेंट घालून ठेवत. चुकलेल्या नाण्यांतली बरीचशी अशी कोरी करकरीत ग्राहकांच्या हाती पडली आणि त्यामुळे ती चांगल्या अवस्थेत जपली गेली. आज त्या एका सेंटच्या झिजलेल्या नाण्यालाही हजार डॉलरच्या पुढे किंमत येते. कोऱ्या, मूळ तांबूस रंग टिकलेल्या नाण्याची किंमत त्याच्या कित्येक पट.

पण केवळ ‘दुहेरी ठसा’ म्हणून ही किंमत येत नाही, हे पाहण्यासाठी त्याच मालिकेतली आणखी दोन नाणी घ्यावीत. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा १९६९ चा दुहेरी सेंट इतका स्पष्ट आहे, की सुरुवातीला सापडलेली काही नाणी बनावट समजून तिथल्या सरकारी यंत्रणेने जप्त केली. कारण त्याच सुमारास त्याच सालचे बनावट दुहेरी सेंट खरोखरच कुणीतरी पाडले होते. पुढे सॅन फ्रान्सिस्कोची नाणी अस्सल असल्याचे मान्य झाले. ज्ञात नाण्यांची संख्या शंभराच्या आतच राहिली आणि किंमत हजारोंच्या घरात गेली. याउलट १९९५ चा दुहेरी सेंट. त्याची बातमी वृत्तपत्रांत आली, लोक घरातले डबे उपडे करून बसले, पहिल्या काही आठवड्यांत त्याला शेकड्यांत डॉलर मिळाले. मग नाणी इतक्या मोठ्या संख्येने बाहेर पडली, की भाव कोसळून सामान्य माणसालाही परवडेल असा झाला. ठसा दोन्हीकडे दुहेरीच होता. फरक होता तो उपलब्ध नाण्यांच्या संख्येचा.

विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेच्या टांकसाळीने एकाच दाबात पूर्ण चित्र उमटवणारी पद्धत स्वीकारली. त्यामुळे जुन्या अर्थाने दुहेरी ठसा होणे थांबायला हवे होते. प्रत्यक्षात हब टेकताना किंचित कलला तर मधल्या भागात अजूनही बारीक दुहेरीपणा येतो. पण तो भिंगाखालीच दिसतो, आणि जे दाखवायला भिंग लागते त्याची मागणी मोजक्या अभ्यासकांपुरतीच राहते. १९५५ चा सेंट कुणीही हातात घेऊन ‘अरे, हे काय?’ असे म्हणेल. हा उद्गार बाजारभावात फार मोठा वाटा उचलतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

भास आणि वास्तव

दुहेरी दिसणारी शंभर नाणी गोळा केली, तर त्यांतली बहुतेक दुहेरी ठशाची नसतात. यंत्रात डाय थोडी सैल असली की छाप पडल्यावर ती किंचित उसळते आणि नुकतेच उमटलेले अक्षर एका बाजूला घासून सपाट करते. याला यांत्रिक दुहेरीपणा म्हणतात. याला संग्राहक किंमत देत नाहीत. झिजलेल्या डायमुळेही अक्षरांभोवती धुरकट सावली दिसते. तिलाही नाही.

फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. खऱ्या दुहेरी ठशात पूर्ण अक्षरावर दुसरे पूर्ण अक्षर बसलेले असते. त्यामुळे अक्षराची एकूण रुंदी वाढते, दोन्ही थर गोलसर उठावाचे असतात आणि अक्षराच्या टोकांना मधे खाच पडून ती दुभंगल्यासारखी दिसतात. यांत्रिक दुहेरीपणात मूळ अक्षरच खरडले गेलेले असते. त्यामुळे ते उलट बारीक होते आणि त्याच्या बाजूला पायरीसारखा एक सपाट, चकचकीत कठडा राहतो. सराफाकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एका बाजूने येणारा उजेड एवढ्यावर हा निवाडा घरीच होऊ शकतो.

आपल्याकडच्या पोलादी नाण्यांबाबत हे विशेष ध्यानात ठेवावे. तांब्या-निकेलच्या तुलनेत पोलादाची चकती कठीण, त्यामुळे डायवर ताण अधिक. एक-दोन रुपयांच्या नाण्यांवर साल किंवा ‘भारत’ ही अक्षरे फुगलेली, सावली पडलेली दिसणे अगदी नित्याचे आहे. त्यावर स्वप्ने रचू नयेत.

दुहेरी ठसा आणि दुहेरी छाप यांतही गल्लत होते. ठसा चांगला, पण नाणे यंत्रातून वेळेवर बाहेर पडले नाही आणि त्याच्यावर दुसऱ्यांदा छाप पडली, तर ते दुहेरी छापाचे नाणे. ही चूक त्या एकट्या नाण्याची, दुसरे तसेच नाणे मिळत नाही. चकती नीट न बसल्याने अर्धेच चित्र उमटलेले, दोन्ही ठसे एकमेकांशी तिरपे फिरलेले, दहा रुपयांच्या द्विधातू नाण्याचा मधला भाग कडेत घुसलेला, असे अनेक प्रकार या कुळात येतात. भारतीय संग्राहकांमध्ये सर्वांत लाडका आहे तो ‘लखी’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी तेच नाणे दाबले जाते. परिणामी एका बाजूला नेहमीचे उठावाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटे व खोल. असे नाणे बाळगले की भरभराट होते, अशी समजूतही आहे. भरभराट विकणाऱ्याची होते, एवढे खरे.

शिवराईत चूक कोणती?

आता पुन्हा कोरेगावच्या देवघराकडे वळू. कारण शिवराईची गोष्ट या सगळ्याला एक वेगळेच परिमाण देते.

शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला. त्या निमित्ताने सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई अशी नाणी पाडण्यात आली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. पुढे छत्रपतींच्या गाद्या बदलल्या, पेशवाई आली, पण तांब्याच्या पैशावरचा हा लेख तसाच चालू राहिला. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई तर इंग्रजी अंमलाच्या आरंभीही काही वर्षे निघत होती. तिच्या काही नाण्यांवर फसली सनाचे आकडेही दिसतात.

ही नाणी हाताने पाडली जात. खालचा ठसा ऐरणीत रोवलेला, त्यावर तापवलेली तांब्याची चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा आणि त्यावर घणाचा घाव. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे पूर्ण लेख एका नाण्यावर क्वचितच मावे. कुठे ‘श्री’ कापली गेली, कुठे ‘पति’ मधला फक्त ‘प’ उरला. घाव उसळला तर छाप दोनदा पडली. आजच्या भाषेत बोलायचे तर जवळजवळ प्रत्येक शिवराई चुकलेली आहे. आणि नेमक्या याच कारणाने शिवराईत या चुकांना किंमत नाही! इथे उलटा न्याय चालतो. मध्यावर नीट बसलेली, संपूर्ण लेख आणि ठिपक्यांचे वर्तुळ दाखवणारी शिवराई दुर्मीळ, म्हणून तिला मागणी.

शिवराईत खऱ्या अर्थाने दुहेरी ठसा संभवतच नाही. तिथे हब नव्हता, प्रत्येक ठसा कारागिराने स्वतंत्रपणे कोरलेला. त्यातून एक निराळीच संपत्ती निर्माण झाली. पेशवाईत टांकसाळी पुष्कळदा खासगी लोकांना परवान्याने चालवायला दिल्या जात. रेवदंडा, नागोठणे येथे तांब्याचे पैसे पाडण्याच्या अशा परवान्यांची माहिती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या मराठ्यांच्या चलनावरील निबंधात आहे. ठिकठिकाणच्या ठसा-कारागिरांपैकी साऱ्यांनाच अक्षरओळख चांगली असेल असे नव्हे. म्हणून ‘शिव’चे ‘सिव’ होते, ‘शीव’ होते, ‘पति’ची ‘पती’ होते, एखादे अक्षर आरशातल्यासारखे उलटेही कोरले जाते. अशा लेखभेदांचा अभ्यास करणारे संग्राहक महाराष्ट्रात आहेत, आणि एखादा क्वचित सापडणारा लेखभेद साध्या शिवराईपेक्षा पुष्कळ जास्त किंमत मिळवून जातो. अमेरिकन संग्राहक सेंटवर भिंग धरून जे शोधतो, त्याच्या सर्वांत जवळची आपली गोष्ट ही.

अर्थात साध्या, झिजलेल्या दुदांडी शिवराईला बाजारात काही शे रुपयांच्या आसपासच किंमत आहे, हेही स्पष्ट सांगायला हवे. नाणी जुनी असली तरी ती अतोनात संख्येने पाडली गेली होती. वय म्हणजे दुर्मीळता नव्हे. सोन्याचा शिवकालीन होन मात्र अत्यंत दुर्मीळ आहे, आणि त्याच्या नकला तितक्याच सुलभ.

मुंबईच्या फोर्ट भागातली टांकसाळ १८२४ ते १८२९ या काळात कॅप्टन जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली बांधली गेली आणि तिथे वाफेवर चालणारी इंग्लंडची यंत्रे बसली. तेव्हापासून आपल्याकडचे नाणे वाटोळे, एका मापाचे आणि एकसारखे झाले. सगळी नाणी एकसारखी असली पाहिजेत ही अपेक्षाही तेव्हाच जन्मली. चुकलेले नाणे ही त्या अपेक्षेची सावली आहे, असे मला वाटते. घणाच्या काळात तिला अर्थच नव्हता.

डुकराचा रुपया

भारतीय नाण्यांतली सर्वांत प्रसिद्ध चूक टांकसाळीच्या यंत्राची नव्हती, चित्रकाराच्या हाताची होती. पंचम जॉर्जचा पहिला रुपया १९११ साली निघाला. राजाच्या अंगावरच्या वस्त्रावर सन्मानमालेतला एक चिमुकला हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड उमटली, की लोकांना तो डुकरासारखा दिसू लागला. ही गोष्ट विशेषतः मुस्लिम समाजाला झोंबली. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यांतले सुमारे सात लाखच बाहेर गेले होते, तोच बाकीचे थांबवून वितळवण्यात आले. १९१२ च्या रुपयावरचा हत्ती सोंडेसह व्यवस्थित हत्ती आहे.

या रुपयाला आजही साध्या १९१२ च्या रुपयापेक्षा कितीतरी जास्त मोल मिळते. कारणे पाहिली तर दुहेरी सेंटचीच आहेत. चूक सांगितल्यावर लगेच दिसते, संख्या कमी पण इतकीही कमी नाही की कुणाला मिळूच नये, आणि सांगायला एक चांगली गोष्ट आहे. यांतले तिसरे कारण नाणेशास्त्राच्या ग्रंथांत सहसा लिहिलेले नसते, पण लिलावात बोली चढते ती पुष्कळदा त्याच्यावरच.

दुहेरी ठशाची भारतीय नाणी मुळीच नाहीत असे नव्हे. पण आपल्याकडे ठशांच्या भेदांची अमेरिकेसारखी तपशीलवार सूची रुळलेली नाही. त्यामुळे अशा नाण्याचा भाव दोन संग्राहकांच्या आपसांतल्या समजुतीवर ठरतो. आपल्या बाजारात खरी मागणी आहे ती विशिष्ट साल आणि विशिष्ट टांकसाळ यांच्या जोडीला. सालाखाली चौकटच्या आकाराची खूण असली तर ते मुंबईचे नाणे, तारा असला तर हैदराबादचे, ठिपका असला तर नोएडाचे, काहीच नसले तर कोलकात्याचे. एखाद्या वर्षी एखाद्या टांकसाळीने अगदी थोडी नाणी काढली असतील, तर तीच जोडी संग्राहकाची झोप उडवते. मुंबईचा १९३९ चा चांदीचा रुपया हे याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यात चूक कोणतीच नाही, तो फक्त फार थोडा बाहेर आला. आणि म्हणूनच त्याची बनावट नाणीही बाजारात पुष्कळ आहेत.

बनवलेल्या चुका

किंमत आली की लबाडी आलीच. दोन नाणी एकावर एक ठेवून शेगड्यात आवळली, की खोल उलटे चित्र उमटते आणि घरच्या घरी ‘लखी’ तयार होते. अशा नाण्याची दुसरी बाजू दाबाने चेपलेली असते, हीच तिची चुगली. ‘शोले’मधल्या जयच्या नाण्यासारखे दोन्ही बाजूंना एकच छाप असलेले नाणे कुणी दाखवले, तर कडेच्या आतल्या अंगाला नखाने चाचपून पाहावे. एक नाणे आतून कोरून त्यात दुसऱ्याचे अर्धे बसवलेले असते आणि सांध्याची बारीक रेघ तिथे लागते. वजनही बहुधा चुकते. आम्लात बुडवून बारीक केलेले, हातोडीने ठोकून पसरवलेले, सोनेरी मुलामा दिलेले असे सगळे ‘दुर्मीळ’ नाणे तराजूवर घातले की उघडे पडते. कोरेगावच्या कुठल्याही सराफाच्या काट्यावर हे पाच मिनिटांचे काम आहे.

याहून मोठी लूट मात्र नाण्याला हातही न लावता होते. श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली पाच आणि दहा रुपयांची नाणी चलनात आली. ती मोठ्या संख्येने निघाली, आजही हाती येतात. तरीही ‘वैष्णोदेवीचे नाणे द्या, लाखो घ्या’ अशा जाहिराती वर्षानुवर्षे फिरत आहेत. जाहिरातीवरच्या क्रमांकाला फोन केला, की समोरचा गृहस्थ नाण्याचे छायाचित्र मागवतो, तोंडभरून कौतुक करतो, भाव ठरवतो आणि मग नोंदणीचे शुल्क, कर, रिझर्व्ह बँकेचे प्रमाणपत्र अशा नावांनी थोडे थोडे पैसे मागू लागतो. पहिले पैसे भरले की माणूस अडकतो, कारण आधी गेलेले सोडवण्यासाठी तो पुढचे भरत राहतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून स्पष्ट केले आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काहीही संबंध नाही, ती असे शुल्क वा दलाली कधीच मागत नाही आणि तिच्या नावाने पैसे घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर शक्य तितक्या लवकर तक्रार नोंदवावी. वेळेत कळवले तर रक्कम मधेच थोपवता येण्याची शक्यता असते.

खरा संग्राहक किंवा व्यापारी नाणे हातात घेतल्याशिवाय भाव सांगत नाही, आणि विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे तर मुळीच मागत नाही. पुण्या-मुंबईत भरणारी नाण्यांची प्रदर्शने, नोंदणीकृत लिलाव संस्था, नाशिकजवळच्या अंजनेरीची १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था या ठिकाणी जाणकार भेटतात. अस्सल नाणी डोळ्यांखालून घालायची असतील, तर मुंबईत रिझर्व्ह बँकेचे २००४ साली सुरू झालेले चलन संग्रहालय आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नाणी आहेत. बनावट ओळखायला शिकण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे अस्सल पुष्कळ पाहणे.

देवघरातल्या नाण्याबाबत

आपल्याकडे शिवराईचे सर्वांत जास्त नुकसान श्रद्धेने झाले आहे. दर सणाला चिंचेने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासून लखलखीत केलेली शिवराई संग्राहक बाजूला ठेवतो. तांब्यावर काळानुसार चढलेला तपकिरी वा हिरवट थर हा मळ नव्हे. तोच नाण्याचे संरक्षण करतो आणि त्याचे खरेपणही सांगतो. एकदा खरवडला की तो परत येत नाही. दुहेरी ठशाच्या नाण्याचे तर घासण्याने दुहेरी नुकसान होते, कारण ज्या बारीक खाचेवर त्याची ओळख अवलंबून, तीच आधी पुसली जाते. पूजेतले नाणे पूजेतच राहो. पण जपायचे असेल तर साध्या कोरड्या कागदी पाकिटात कडेने धरून ठेवावे. प्लास्टिकच्या स्वस्त पिशव्यांतून सुटणारे द्रव्य तांब्याला हिरवे डाग पाडते. पाकिटावर नाणे कुणाचे, कोणत्या घरातले, केव्हापासूनचे हे लिहून ठेवावे.

नाणी घरातली नसून नांगरताना किंवा पाया खणताना सापडली असतील, तर प्रश्न वेगळा होतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर त्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. ठेवा कशाचा, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडला, हे त्यात लिहावे लागते. गुपचूप वाटून घेतला तर शिक्षा होऊ शकते. ठेव्यावर जुन्या मालकाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि शोधणारा व जमिनीचा मालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. सरकारने ठेवा स्वतःकडे घेतला, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने त्यावर बंदी आहे, त्यामुळे परदेशातला गिऱ्हाईक टपालाने नाणी मागवत असेल तर तिथेच थांबावे.

हंड्यात सापडलेली नाणी वेगळी करण्यापूर्वी हंड्यासकट, मातीसकट त्यांचे छायाचित्र काढून ठेवणे फार उपयोगाचे. एका हंड्यात कोणकोणती नाणी एकत्र होती, यावरून तो केव्हा पुरला गेला, हे अभ्यासकाला सांगता येते. शिवराईवर बहुधा साल नसते, त्यामुळे तिचा काळ ठरवायला शेजारचा सालाचा रुपया हाच एक साक्षीदार असतो. नाणी पाच घरांत वाटली गेली की तो साक्षीदार हरवतो.